कळंबची खेप आणि डावे पुढचे चाक

मामाने लॉरी ठेवायची की विकायची, हे कळंबच्या खेपेवर ठरणार होते. म्हणून मी कामावर तीन दिवसांची रजा टाकली आणि त्याच्याबरोबर निघालो.

लढाईत मामा मिलिटरीची गाडी चालवत असे. तिकडेच त्याचे उजवे मनगट मोडले आणि वाकडे सांधले. परत आल्यावर त्याने लिलावात मिलिटरीचीच एक जुनी लॉरी घेतली. तिचे टायर चिखलातून आणि धोंड्यांवरून जाण्यासाठी केलेले. माझ्या कमरेला लागतील एवढे उंच, आणि बोटभर खोल दात असलेले. अशा टायरांचे एक दुखणे असते. चाकाची एक बाजू जड असली की सावकाश जाताना काही कळत नाही, पण वीस मैलांच्या पुढे वेग गेला की चाक डगमगू लागते आणि थरथर स्टिअरिंगमधून हातात चढते. आमच्या डाव्या पुढच्या टायरला आतून गेटर, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, बसवलेला होता. त्यामुळे तीच बाजू जड असणार, असे मी मामाला अनेकदा सांगितले होते.

मामाचा हात अलीकडे बधिर होत असे. घास तोंडाकडे नेताना बोटे कापत. निघण्याच्या सकाळी तो म्हणाला, "चाक गप झालं तर हात गप होईल. नाही झालं तर ही शेवटची खेप. वखारवाला मागतोय, देऊन टाकतो गाडी."

आमच्याकडे पिठाच्या गिरणीचे दोन दगड आणि इंजिन होते, ते कळंबला पोचवायचे होते. पुण्याहून पहाटे निघालात तर उन्हे चढायच्या आत बोरघाटाच्या माथ्यावर येता. घाट उतरताना गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच ठेवावी. आम्ही इतक्या सावकाश उतरलो की चाकाने तोंड उघडले नाही. खोपोलीत चहा प्यावा. एक आणा पडतो, पण दूध खरे असते. पेट्रोलची रेशनची कुपने मोजून न्यावीत आणि टाकी कर्जतलाच भरावी, कारण त्याच्या पुढे पेट्रोल मिळेल याची खात्री नाही.

खोपोलीच्या हॉटेलात शेजारच्या बाकावर दोन गाडीवान बसले होते. आमच्या टायरांकडे बघून एक दुसऱ्याला म्हणाला, "एवढी मोठी चाकं, आन् खेप तीच. माझे बैल काय कमी हायत?"

"तुजे बैल चहा मागत नाय ना," दुसरा म्हणाला.

खोपोलीहून कर्जतचा रस्ता बरा आहे. सपाटीला लागताच मामाने वेग वाढवला आणि चाक सुरू झाले. आरसा हलू लागला, टपाचे खिळे वाजू लागले. मामाने डाव्या हाताने स्टिअरिंग धरले आणि उजवा हात दोन-तीन वेळा झटकला. मी वहीत मैलाचा दगड आणि वेग लिहून ठेवला.

कळंबला पोचायला तिसरा प्रहर झाला. गिरणीचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, वाटच बघत होते. गिरणीची जागा ओढ्याकाठी होती आणि तिथे जायला भातकापणी झालेल्या खाचरातून वाट केलेली होती. वरून खाचर कोरडे दिसत होते. आत गेल्यावर पुढची चाके रुतली. मोठ्या दातांचे टायर अशा वेळी खरे कामाला येतात; मामाने पुढे-मागे करत गाडी काढली, पण चाकांवर चिखलाची पुटे चढली. दगड उतरवले, इंजिन उतरवले. भाऊंच्या घरी तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि भाजलेली सुकट असे जेवण झाले. कळंबला मुक्काम करायचा असेल तर आधी कोणाची तरी ओळख काढून जावे. राहायची दुसरी सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाकाचे काम काढले. कोणाला आपल्या हाताने करायचे असेल तर पद्धत अशी. पुढच्या चाकांना जोडणारा दांडा जॅकवर घेऊन चाक जमिनीपासून चार बोटे उचलावे. मागच्या चाकांना दगड लावायला विसरू नये. चाक कुठेही न अडता फिरेल इतका ब्रेक सैल करावा. मग ते हलकेच फिरवून सोडावे. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. तिथे खडूने खूण करावी. असे पाच वेळा करावे आणि पाचही वेळा खूण खाली आली तरच ती खरी मानावी. मग खुणेच्या बरोबर समोर, रिमच्या भोकात तारेने शिसे बांधावे. शेवटी चाक जिथे सोडाल तिथेच राहिले पाहिजे.

मी टायर पुसून घेतला होता. दातांमधला चिखल काडीने काढला होता. पाचही वेळा खूण खाली आली. मात्र ती गेटरच्या जागी नव्हती, तिथून हातभर बाजूला होती. याचे मला नवल वाटले, पण पाच वेळा आली म्हणून मी ती मान्य केली.

शिसे माझ्याजवळ नव्हते. ओढ्यावर एक कातकरीण फाटके जाळे सोडवत बसली होती. जाळ्याच्या कडेला शिशाचे मणी होते. मी विचारले तर लॉरीकडे बोट करून ती म्हणाली, "शिसं ने. मला ती रबराची पट्टी दे, मोळी बांधाय."

लॉरीला जुन्या ट्यूबची एक पट्टी बांधलेली होती. ती मी तिला दिली. मणी ठोकून चपटे केले, बांधले, काढले, पुन्हा बांधले. दुपारपर्यंत चाक जिथे सोडावे तिथे थांबू लागले. भाऊ ओट्यावरून बघत होते. ते मामाला म्हणाले, "पोरगं सोनाराकडं ठेवायचं रं. गुंजेचा हिशेब चुकायचा नाय."

परतताना कळंबपासून नदीपर्यंतचा तुकडा मी विसरणार नाही. मामाने गाडी पंचवीसवर नेली आणि स्टिअरिंग शांत राहिले. त्याने माझ्याकडे बघितले नाही, फक्त म्हणाला, "हात हलका वाटतोय, सद्या."

आमच्या वाटेने उल्हास नदी जाता-येता पाण्यातून उतरून ओलांडावी लागते. वर विजेच्या कारखान्याचे पाणी सुटले की ती हिवाळ्यातही चढते, म्हणून अलीकडच्या गावात विचारून मगच गाडी घालावी. आम्हाला पाणी चाकाच्या निम्म्याला लागले. पलीकडे वर आलो, रस्ता धरला, आणि वेग वीसवर गेला तोच चाक असे डगमगले की मामाने दोन्ही हातांनी गाडी धरून बाजूला घेतली. आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त. मी खाली उतरून बघितले. शिसे जागच्या जागी होते. तारा घट्ट होत्या.

"पाच वेळा बघितलं होतं," मी म्हणालो.

"मी कुठं नाही म्हणतोय," मामा म्हणाला. पण त्याने उजवा हात काखेत धरला होता.

पंधरा मैलांचा वेग धरून आम्ही कर्जतवरून चौकच्या रस्त्याने खालापूरला आलो आणि तिथेच राहिलो. परतीचा माल तिथल्या गोमा सुताराकडे होता. बैलगाडीच्या चाकांच्या चार जोड्या पुण्याला न्यायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चाके चढवताना गोमाने आमचे चाक बघितले. मी त्याला सगळी हकीकत वहीत बघून सांगितली. त्याने ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले, "मागून धुतलं व्हतं का?"

धुतले नव्हते. चाक गाडीवर असताना मागची बाजू दिसत नाही आणि मी तिकडे हात घातला नव्हता.

त्याने चाक उतरवायला सांगितले. रिमच्या आतल्या कडेला वाळलेल्या चिखलाचा एक तुकडा अजून चिकटलेला होता. बाकीचा उल्हास नदीने नेला होता, त्याचा नुसता ठसा उरला होता. शिशावरून बघितले तर माझी खूण बरोबर त्या ठशाच्या आणि गेटरच्या मधे पडली होती. गोमाने पटाशीने तो तुकडा काढून माझ्या हातात दिला. "तुमी माती तोलली, चाक नाय," तो म्हणाला. "आमचे नवे गाडीवानबी आसंच करतात. वरून पुसतात, आन् चाक डुलतंय म्हणून माज्याशी भांडाय येतात."

मला फार लाज वाटली. गोमाला तिचे काही नव्हते. त्याने चाक दोन्ही अंगांनी धुवायला लावले. मग मधल्या भोकातून दोराचे दोन पदर ओवून, खाली आडवी फळी देऊन, आंब्याच्या फांदीला चाक आडवे टांगले. मधोमध, दोन पदरांच्या मध्ये फळीवर, पाण्याने भरलेली पितळी थाळी ठेवली. चाक स्थिर झाले तसे पाणी एका कडेला सरकले. ती बाजू गेटरची होती. माझेच शिसे सोडवून आम्ही थाळीच्या वर आलेल्या कडेकडे, थोडे थोडे करत बांधले, ते थाळीतले पाणी चारी बाजूंना सारखे होईपर्यंत. गाडीवर चढवल्यावर मी माझ्या पद्धतीनेही तपासले. जिथे सोडले तिथे राहिले. गोमाने मजुरीचे आठ आणे घेतले आणि चहा पाजला.

खालापूर ते खोपोली रस्ता सरळ आहे. मामाने पंचवीस गाठले, मग तीस. स्टिअरिंगवर काडेपेटी ठेवली असती तर पडली नसती. आरसा हलत नव्हता. मी हसून मामाकडे बघितले.

स्टिअरिंग शांत होते आणि त्यावर मामाचा उजवा हात कापत होता.

त्यालाही ते दिसले. थोडे अंतर तो तसाच चालवत राहिला, मग एका झाडाखाली गाडी थांबवली. त्याने हात उलटासुलटा करून बघितला.

"आता चाकाला काय बोलायचं," तो म्हणाला.

मी म्हणालो, "पुण्याला डॉक्टरांना दाखवू."

"लढाईतच दाखवलाय. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, हात हळूहळू जाईल म्हणून." तो खाली उतरला आणि गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आला. "सरक. घाट तू चढव."

माझ्याजवळ शिकाऊ परवाना होता आणि मी सपाटीवरच चालवली होती. तसे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "मला ठाऊक आहे. चढताना गाडी पळत नाही. भ्यायलास तर थांब, चाकाला दगड लाव, मग पुन्हा निघ." बोरघाटात मी चार वेळा थांबलो. दर वेळी तो उतरून दगड लावी आणि परत येऊन बसे.

घरी पोचल्यावर मामीने विचारले, "चाक झालं का नीट?"

"झालं," मामा म्हणाला. "गाडी ठेवतोय. चालवणार सद्या."

मामी त्याच्या हाताकडे बघत राहिली आणि मग पाणी आणायला आत गेली.

चाक डगमगत होते तोवर मामाला एक आशा होती. मी ते नीट केले नसते तर ती आणखी काही महिने टिकली असती. याचा मी पुष्कळ विचार केला. पण त्या हाताने तो भरलेली गाडी घेऊन एखाद्या दिवशी घाट उतरला असता, हाही विचार करावा लागतो. जड टायर घरीच तोलणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे: चाक उतरवा, दोन्ही अंगांनी धुवा, मगच खडू हातात घ्या.

आता नोकरी सोडून आणि पक्का परवाना काढून खेपांची गाडी मी चालवतो आणि मामा शेजारी बसतो. तो मला काही शिकवत नाही. वळण आले की मांडीवरचा त्याचा हात आपोआप वळतो. मी ते बघतो आणि तेवढेच स्टिअरिंग वळवतो.