पास झालेल्या चाचणीचा व्हिडिओ

सोमवारी दुपारच्या मीटिंगमध्ये शुभांगीताईवर अन्याय झाला. मुलींच्या वसतिगृहाच्या प्रवेशाची वेबसाइट आमची टीम बनवते, आणि ती तपासायचं काम ताईचं. मोबाइलवरून अर्ज जात नाहीत, हे ती आधीपासून सांगत होती. तेव्हा साहेब म्हणाले होते, "अहो मॅडम, चाचणी हिरवी आहे, म्हणजे पास आहे. तुमचाच फोन डबडा असेल!" आता मुलींच्या तक्रारी आल्या, तर म्हणे ताईने तपासलंच नाही.

आमच्याकडे ही चाचणी यंत्रच, म्हणजे संगणकावरचा प्रोग्राम, आपोआप करतं. तिचा व्हिडिओही निघतो; पण नापास झाली तरच तो ठेवायचा, पास झाली की पुसायचा, अशी पद्धत. मी ते पुसणं बंद केलं, मोबाइलची चाचणी पुन्हा चालवली आणि काल ताईसोबत बसून तिचा व्हिडिओ पाहिला. रिकाम्या घरात कुणीतरी वावरावं, तशी रकान्यांत अक्षरं आपोआप उमटत होती. मग सूचनेची चौकट वर आली आणि 'अर्ज पाठवा' हे बटण तिच्याखाली पूर्ण झाकलं गेलं. यंत्राने झाकलेलं बटणही दाबलं. हिरवी खूण! माणसाचं बोट मात्र त्या चौकटीवरच अडतं.

"हेच सांगत होते ना रे मी?" ताई म्हणाली.

अपयश आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. यशाकडे बघायचंच नाही, हे कुणी ठरवलं?

उद्या ताईच्या नोकरीचा निर्णय आहे. सहकाऱ्यांनो, आज हा व्हिडिओ बघा, आणि उद्या साहेबांसमोर उभं राहून जे दिसलं ते बोला.