एक नंबर

सोनईच्या साळूबाईंनी तीस वर्षं घोडेगावच्या मार्केटात कांदा निवडला. ढिगावर नुसती नजर टाकून त्या सांगायच्या, हा एक नंबर, हा दोन नंबर, ही बारकी गोल्टी, आणि हा सडका, उकिरड्यावर टाका. सगळ्यात भारी माल तो एक नंबर, यात बाईंना कधी शंका आली नाही.

छातीत गाठ निघाली आणि योजनेच्या कार्डावर नगरच्या दवाखान्यात त्यांचे उपचार फुकट सुरू झाले. फुकटाचं असं असतं, की केमो फुकट आणि बाकी सगळं विकत. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते म्हणून बाई एकट्याच एसटीने यायच्या. डॉक्टरांपुढे तोंड उघडलं, की बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी हातात पडायची. पहिल्या चिठ्ठीत गळ्यातलं डोरलं गेलं, दुसरीत गाय. दावणीला उरली चंद्री शेळी. तिचं पेलाभर दूध तेवढं बाईंच्या पोटात टिकायचं. चंद्रीला विकायची वेळ येऊ नये म्हणून बाईंनी ठरवलं, जीव गेला तरी तक्रार करायची नाही. उलटीच्या विकतच्या गोळ्या तर त्यांनी केव्हाच बंद केल्या होत्या.

चौथ्या खेपेला निकिता नावाची मुलगी फॉर्म घेऊन आली. पेशंटच्या जगण्याचा दर्जा तपासायचा होता. दर्जा म्हटल्यावर बाई सावरून बसल्या. ते तर त्यांचंच काम.

"मावशी, तब्येत कशी आहे? एक ते सात आकडा सांगा. एक म्हणजे फार वाईट, सात म्हणजे उत्तम," निकिताने भरभर वाचलं.

आकडे म्हटल्यावर बाईंना पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. "एक नंबर!"

"आणि जगण्याचा दर्जा?"

"त्यो बी एक नंबर. लिव्ह तू."

खोटं बोलताना बाईंना लाज वाटली, पण डोळ्यांपुढे चंद्री होती. निकिताचा चेहरा पडला. "शेवटचं. पैशाची अडचण? इथे एक म्हणजे मुळीच नाही, चार म्हणजे फार."

इथे मात्र बाईंना हसूच फुटलं. "त्यात तर एक नंबर बघ!"

"चला, एवढं तरी बरं," म्हणत निकिताने एकावर गोल केला.

डॉक्टरांनी फॉर्म वाचला. तब्येत फार वाईट, पैशाची अडचण मुळीच नाही. असा सोयीचा पेशंट रोज कुठे मिळतो? त्यांनी महागड्या इंजेक्शनांची चिठ्ठी लिहिली आणि ही घेतल्याशिवाय पुढचा डोस नाही, असं बजावलं. बाई चक्रावल्या. बोललं तरी चिठ्ठी, न बोललं तरी चिठ्ठी!

शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात चंद्री गेली. घेणाऱ्याने तिचे दात पाहिले आणि म्हणाला, "माल एक नंबर हाय." बाई तिथेच रडल्या.

पाचव्या खेपेला निकिता पुन्हा आली. "मावशी, जगण्याचा दर्जा?"

आता खोटं बोलून राखायचं असं काही उरलं नव्हतं.

"सडका."

"असं नाही मावशी, नंबर सांगा ना."

"सडक्याला नंबर नसतो, बाई."