गोदामाच्या छपरावरचे कुरव

माझे बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. गोदीत त्यांना सगळे ‘तोफ’ म्हणत. वॉकीटॉकी बंद पडला तरी उंच केबिनमधून त्यांचं बोलणं खालच्या हमालांना नीट ऐकू जायचं, आणि ते बोलणं बहुतेक वेळा कुणाचा तरी उद्धार करणारं असायचं.

केबिनच्या समोरच, पाण्याच्या कडेला, धान्याचं एक जुनं पडीक गोदाम होतं. त्याच्या लांबलचक छपरावर कुरव पक्षी, म्हणजे समुद्रावरचे सीगल, वर्षानुवर्षं घरटी करत आलेले. बाबांचं त्यांच्याशी हाडवैर. सकाळी पुसलेली केबिनची काच दुपारपर्यंत पांढरी व्हायची आणि जेवणाचा डबा उघडला की एखादा खिडकीत येऊन टपलेलाच असायचा. “फुकटी जमात! कामाचं नाव नको, खायला मात्र सगळ्यांच्या आधी,” असं बाबा रोज घरी येऊन सांगायचे. आई म्हणायची, “त्यांच्यावर ओरडून झालं असेल तर आता आमच्याकडे या.”

त्या वर्षी पक्ष्यांनी नुकती अंडी घातली होती आणि बाबांनी घरी येऊन त्यांच्याबद्दल बोलणं बंद केलं. आईने विचारलं तर म्हणाले, “काहीतरी बिनसलंय तिकडे. दारू प्यायल्यासारखे गोल गोल फिरतात. मान वाकडी होते, आणि पडतात.”

पुढे पुढे छपरावर जिवंत कमी आणि मेलेले जास्त दिसू लागले. काही घरंगळून धक्क्यावर पडायचे. बंदराच्या मॅनेजरने कामगारांना बोलावून सांगितलं की ऊन फार आहे, कुठली तरी सडकी मासळी खाल्ली असेल, घाबरायचं कारण नाही. त्याने रिकामी पोती वाटली. माणसांनी उघड्या हातांनी मेलेले पक्षी उचलले आणि पोत्यांत भरले. बाबा क्रेनवरून उतरून त्यांच्यात सामील झाले, कारण हमाल वाकून काम करतायत आणि आपण वर बसून बघतोय हे त्यांना कधीच जमलं नाही.

त्या संध्याकाळी माझी ताई घरी होती. ताई जनावरांची डॉक्टर. सरकारी प्रयोगशाळेत काम करायची, स्वभावाने सरळ बाबांवर गेलेली. बाबांच्या शर्टावर चिकटलेलं पीस बघून ती दारातच आडवी आली.

“कसलं पीस आहे हे?”

“मेलेल्या कुरवाचं. सरक बाजूला.”

“हातमोजे होते?”

“पक्षी उचलायला हातमोजे? मी काय डॉक्टर आहे?”

“बाबा, बाहेरच थांबा! कपडे काढा, साबणाने हात धुवा. कोपरापर्यंत. तोंडाला हात लावू नका. हा बर्ड फ्लू आहे. किनाऱ्यावर सगळीकडे पसरलाय. तुमच्या बंदराला आम्ही कधीच कळवलंय!”

बाबा आधी तिच्यावरच भडकले. आईने बादली आणली, मी टॉवेल धरून उभी राहिले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बापलेकीचं भांडण अंगणात झालं. हात धुता धुता मात्र बाबा एकदम थांबले.

“कधीच कळवलंय म्हणजे?”

“म्हणजे पहिला पक्षी पडायच्या आधी.”

बाबांचा आवाज गेला. आम्हाला ठाऊक होतं, बाबा ओरडतात तोवर ठीक असतं. ते गप्प झाले की पुढच्याची धडगत नाही.

दुसऱ्या दिवशी ते क्रेनवर चढलेच नाहीत. थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मागून हमाल, वजनकाट्यावरची माणसं, ट्रकवाले. मॅनेजर म्हणाला, “अहो, तसं कळवलं होतं, पण उगीच घबराट पसरली असती. माणसांना हा रोग सहसा होत नाही.”

“सहसा?” बाबा म्हणाले. “मग तुम्ही चला साहेब. उघड्या हातांनी. मी पोतं धरतो, तुम्ही भरा.”

मॅनेजर खुर्चीतून हलला नाही. सगळ्यांनी काम बंद ठेवलं आणि बंदरही हललं नाही. जहाजं बाहेर खोळंबली. हातमोजे, मास्क आणि अंगभर घालायचे सूट आले, उचलणाऱ्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, तेव्हाच बाबा शिडी चढले. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. बाबा त्याला सुदैव म्हणायला तयार नव्हते. “जुगार होता तो,” ते म्हणायचे, “आणि पणाला आम्हाला लावलं होतं, न विचारता.”

काही आठवड्यांनी मरणं थांबलं. छपरावर मोठमोठ्या रिकाम्या जागा पडल्या होत्या, पण जे उरले ते घरट्यांवर टिकून राहिले. त्यांची पिल्लंही बाहेर आली. ताईच्या प्रयोगशाळेला या वाचलेल्या पक्ष्यांचं रक्त तपासायचं होतं. गोदामाचा जिना कुजलेला. आरोग्य खात्याने परवानगी दिली आणि माणसं उचलायचा पिंजरा क्रेनला अडकवून ताईला वर न्यायचं ठरलं.

क्रेन अर्थातच बाबांची. आई माझ्यासोबत धक्क्यावर आली होती, देवाचं नाव घेत. बाबांनी पिंजऱ्याचा प्रत्येक बोल्ट स्वतः तपासला, ताईचा पट्टा दोनदा ओढून पाहिला. सूट घातलेली ताई आणि तिचा सहकारी वर गेले. इतक्या हळू बाबांनी कधी काचेचा मालसुद्धा उचलला नसेल. कुरवांनी कल्लोळ केला, ताईच्या डोक्यावर चोची मारल्या. वॉकीटॉकीवर बाबा म्हणाले, “बघितलंस? माणुसकी नाही मेल्यांना.” ताई हसली, बाबाही हसले, आणि मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच दोघांना एकत्र हसताना ऐकलं.

निकाल आला तेव्हा ताईने जेवताना समजावलं. “वाचलेल्यांतल्या बऱ्याच जणांच्या रक्तात या रोगाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. त्यांना रोग झाला होता, त्यांनी तो पचवला. परत आला तर ते इतक्या सहज पडणार नाहीत. माद्या अंड्यातून थोडं संरक्षण पिल्लांनाही देतात. ते काही आठवडेच टिकतं, पण तेवढंही खूप असतं.”

“म्हणजे कायमचं कवच मिळालं?” मी विचारलं.

“कायमचं नाही. हळूहळू कमी होतं, आणि विषाणूही बदलतो. पण थव्यात असे जितके जास्त, तितकी रोगाची वाट अवघड. म्हणून आता त्यांना हलवायचं नाही. हुसकावलं तर विखुरतील, आणि कुणाच्या अंगात अजून विषाणू असेल तर तो नव्या ठिकाणी पोचेल.”

दुसऱ्या दिवशी केबिनची काच पुसताना बाबांनी शिवी दिली नाही, असं एका हमालाने आम्हाला मुद्दाम येऊन सांगितलं.

त्याच महिन्यात बंदराने जाहीर केलं की सार्वजनिक आरोग्यासाठी गोदाम पाडणार. ताबडतोब. छप्पर आधी, आणि ते बाबांच्या क्रेनने ओढून काढायचं.

बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या जागेवर कंटेनर ठेवायचे हे गोदीत सगळ्यांना माहीत होतं. आदल्या वर्षीच मोजणी झाली होती, तेव्हा कुठला रोग नव्हता. ताईने लेखी विनंती केली, पिल्लं उडेपर्यंत तरी थांबा. मॅनेजरने उत्तर दिलं नाही. बाबा पुन्हा त्याच्यासमोर उभे राहिले.

“पक्षी मरत होते तेव्हा म्हणालात ऊन आहे. आता जगलेत तर म्हणता रोग आहे?”

“तोफ, तुम्ही क्रेन चालवा. डॉक्टरकी मुलीला करू द्या.”

“मुलीचंच सांगतोय. तिचं ऐका!”

“तुम्हाला जमत नसेल तर दुसरा आणू.”

“आणा,” बाबा म्हणाले. “माझ्या हाताने हे होणार नाही.”

त्यांना तिथल्या तिथे कामावरून दूर केलं. कंत्राटदाराचं बाहेरचं यंत्र आलं, लांब हाताचं, दातांचं. बाबा फाटकाबाहेर उभे होते, आई आणि मी त्यांच्याजवळ. पत्रा फाटतो तेव्हा काय आवाज होतो ते मला तेव्हा कळलं. त्याहून मोठा आवाज कुरवांचा होता. मोठे पक्षी आभाळात घिरट्या घालत होते, पिल्लांना उडता येत नव्हतं. ती पत्र्यांबरोबर खाली आली. बाबा फाटकाचे गज धरून ओरडत होते, “थांबव रे! अरे, थांबव!” आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज कुठे पोचला नाही.

ताई आरोग्य खात्यात ठाण मांडून बसली होती. तिने काम थांबवायचा हुकूम मिळवला, पण तो बंदरावर पोचला तेव्हा अर्धं छप्पर खाली आलं होतं.

उरलेल्या अर्ध्यावरचे पक्षी राहिले. बाकीचे पांगले, कुणी शहरातल्या गच्च्यांवर, कुणी आतल्या तलावाकडे. पुढच्या हंगामात रोग परतला. छपरावर थोडेच पक्षी पडले. तलावावरची बदकं मात्र ढिगाने मेली आणि जवळच्या शेडमधल्या सगळ्या कोंबड्या माराव्या लागल्या. तो रोग आमच्याच कुरवांनी नेला का, हे ताई छातीठोकपणे सांगू शकत नव्हती. “वाहून नेणारे पुष्कळ असतात, बाबा,” ती म्हणायची. बाबा ऐकून घ्यायचे, पण पटायचं नाही. मलाही पटलेलं नाही.

कामगारांनी पुन्हा काम बंद ठेवायची धमकी दिल्यावर बाबांना परत घेतलं, पण क्रेनवर नाही. वजनकाट्यावर बसवलं. मान वर करून क्रेनकडे बघणं त्यांनी टाळलं.

मग एक दिवस नवा मॅनेजर आला. चांगला हसतमुख. गोदामाच्या उरलेल्या भिंतीवर त्याने कुरवाचं सुंदर चित्र काढून घेतलं, खाली लिहिलं, ‘पक्षीमित्र बंदर’. फोटोवाले आले. तो वजनकाट्यावर येऊन म्हणाला, “काका, चला ना. तुमच्याशिवाय फोटोला मजा नाही. पक्षी वाचवले ते तुम्ही.”

बाबा उठले. क्षणभर मला वाटलं, खरंच जातायत. मी डबा द्यायला आले होते, तिथेच उभी होते.

“वाचवले?” बाबा म्हणाले. “साहेब, मी फाटकाबाहेर उभा राहून पिल्लं चिरडताना बघितलीयत. त्यात मित्र कोण होता ते आधी भिंतीवर लिहा, मग फोटोला बोलवा.”

मॅनेजरचं हसू तोंडावर तसंच राहिलं. फोटोवाले एकमेकांकडे बघू लागले. वजनाला थांबलेल्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तेव्हा बाबा त्याच्यावर असे काही खेकसले की बिचाऱ्याने गाडी मागे घेतली. मग खाली बसून त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला, उघडला, आणि दोन घास खाऊन बंद केला. राग आला की त्यांना जेवण जात नसे. त्या दिवशी डबा जवळजवळ भरलेलाच घरी आला.