भिंतीकडची कड

यमुना भाकरी थापत होती, तेवढ्यात दार वाजलं. वर कडीपाशी नव्हे, खाली उंबऱ्यालगत. धप, धप.

तिचा हात पिठातच राहिला. असं दार एकच माणूस वाजवायचा. होडीवरून मासळीची टोपली दोन्ही हातांनी धरून यायचा, म्हणून हरेश पायानेच दार ठोठावायचा. बारा वर्षांपूर्वी तिचा हा नवरा अर्नाळ्याहून समुद्रात गेला. होडी सापडली, तो नाही. तेव्हापासून यमुनेने कपाळाच्या कुंकवाला कुणाला हात लावू दिला नव्हता. "मेला म्हनता, बघून कोन आलाय?" एवढंच विचारायची.

दारात तिचा मुलगा जितेश होता. दोन्ही हातांत पिशव्या, एकीतून दर्भ डोकावत होता.

"हात मोकळे नव्हते गं."

उद्या त्या दर्भाचा पुतळा करून हरेशच्या नावाने अग्नी द्यायचा होता. बारा वर्षं झाली, आता पुरे, असं जितेशने ठरवलं होतं. यमुनेने अजून हो म्हटलं नव्हतं.

जितेशने अर्धी भाकरी खाल्ली, उरलेली तशीच टाकली. हरेश कधी अशी टाकत नसे. तोडलेली कड आत दुमडून बोटाने दाबायचा, वाऱ्याने सुकते म्हणायचा.

उद्यापासून सुतक, आणि आर्याचा वाढदिवस नेमका त्यात येणार. म्हणून नातीचं जेवण आज दुपारीच, तेही ती म्हणेल तिथे. तिने माणिकपूरची शर्लीबाईंची खानावळ निवडली. शर्लीबाई बरीच वर्षं इथिओपियात शिक्षिका होत्या. तिथलंच जेवण त्या इथे करायच्या.

टेबल भिंतीला चिकटवलेलं. उरलेल्या तीन बाजूंना चौघं बसली. मध्ये परातीएवढं एकच ताट, त्यात ताटभर इंजेरा, वर डाळी नि भाज्यांचे ढीग.

"बाई गं, एवढी मोठी आंबोळी!" यमुना म्हणाली. "आमच्या सूनबाईची तर तव्यावरच फाटते."

"तुमचाच तवा आहे तो, आई," क्षितिजा हसली.

"चमचा नाही हं," शर्लीबाईंनी सांगितलं. "तुकडा तोडायचा, भाजी उचलायची, आणि पहिला घास शेजारच्याला भरवायचा."

आर्याने आजीला भरवलं. आंबूस घास यमुनेला आवडला. तिने जितेशला भरवलं. कोपऱ्यात शर्लीबाई कॉफीचे दाणे भाजत होत्या, धुपाचा धूर टेबलावर उतरत होता.

"आणि आजोबांना कोण भरवणार?" आर्याने विचारलं.

"जेव गप," जितेश म्हणाला.

धूर जरा विरला तशी यमुनेची नजर ताटाच्या पलीकडच्या काठावर गेली. भिंतीकडून एक घास तोडलेला होता. उरलेली कड आत दुमडलेली, बोटाने दाबलेली. खळगा अजून ओला होता.

"ही कोनी दुमडली?"

क्षितिजाने मान हलवली. आर्याचा हात तिथवर पोचत नव्हता.

"शर्लीबाईंनी तशीच आणली असेल," जितेश म्हणाला.

"छे, मी अख्खीच वाढली," कोपऱ्यातून शर्लीबाई म्हणाल्या.

जितेशने हात ताटावरून मागे घेतला. भिंत आणि टेबल यांच्यात बोट शिरेल एवढीही फट नव्हती.

यमुनेला भीती वाटली नाही. जिवंत माणूस असता तर दारातून आला असता, खुर्ची ओढून बसला असता. ज्याला खुर्चीच लागत नाही, त्याच्यासाठी दाराकडे कान लावून किती बसायचं? ती बराच वेळ त्या दुमडलेल्या कडेकडे बघत राहिली. मग डाव्या हाताने पदर नीट केला.

"जितेश, उद्याचं कर तू. मी अडवनार नाय."

जितेशने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"फक्त बापाच्या नावानं वाढशील ना, ते पान बाहेर नको ठेवू. असंच एक ताट मांड, आपन सगळी त्यात जेवू. त्याची बाजू तेवढी सोड."