वर, आक्का, वर

गुरप्पाअण्णा शिकवायचे कानडीत, चिडायचे कानडीत आणि कौतुकही कानडीतच करायचे. शिकवताना फक्त एक शब्द ते मराठीत बोलत. सूर चढवायचा झाला, की पेटीच्या भात्यावरचा हात उचलून म्हणत, “वर, आक्का, वर.” तेवढ्यात पेटीचा श्वास क्षणभर अडकायचा. समोर सदलग्याचा अस्सल कानडी गाणारा बसला असला, तरी त्यालाही “वर”च. मंडळीत नव्याने आलेल्यांना याची गंमत वाटे. मला वाटत नसे, कारण तो शब्द माझ्यापायी मराठी झाला होता.

मी शहापूरच्या विणकराची लेक. लग्नाला चार वर्षं होतात न होतात तोच नवरा तापाने गेला आणि मी भावाच्या घरी परत आले. वहिनी वाईट नव्हती, पण त्या घरात माझं ताट रोज थोडं थोडं दाराकडे सरकत होतं. मला येत होतं ते एक गाणं. नवरा भजनात गायचा, त्याच्या मागून म्हणत म्हणत शिकलेलं. आमच्या गल्लीतले हुसेनचाचा अण्णांच्या गायन मंडळीत तबला वाजवत. ते एक दिवस मला म्हणाले, “चल गे सगुणा, तेरा गला अण्णाकू सुनाता हूँ. रख लिये तो तेरी रोटी तेरी.” तेवढीच माझी आशा होती. अण्णांनी ठेवून घेतलं तर स्वतःची भाकरी, नाही तर जन्मभर भावाची चूल.

मंडळी तेव्हा बेळगावात एका व्यापाऱ्याच्या वखारीमागे उतरली होती. पेटीमागे बसलेला काळा, उंच, पांढऱ्या पटक्याचा माणूस माझ्याकडे बघून हसला नाही, की रागावलाही नाही. मी एक ओळ म्हटली. ते म्हणाले, “हांगल्ल. हिंग.” मला कानडीचा गंध नव्हता. या माणसाला भरल्या मैफलीत हिंग कशाला हवा, तेच कळेना. असं नाही, असं म्हण, एवढाच त्याचा अर्थ. तोही त्यांनी स्वतः गाऊन दाखवला तेव्हा उमगला, आणि माझी भीती जरा कमी झाली.

मग मी वरच्या सुराशी आले. अण्णांनी हात उंच केला आणि जोराने म्हणाले, “म्येले! म्येले!”

आमच्याकडे बायका नवऱ्याला अहोजाहो करतात, आणि खेड्यापाड्यात ‘मेले’ हा शब्द असाच फाकून बोलतात. नवऱ्याला ताप आल्याच्या तिसऱ्या दिवशी सासूने अंगणात येऊन हाच शब्द टाहो फोडून सांगितला होता. मी तिथल्या तिथे गायची थांबले. अण्णांना वाटलं, पोरीला ऐकू आलं नाही. ते आणखी वर बोट दाखवून ओरडले, “म्येले!” मी पदर तोंडात कोंबून रडायला लागले.

“रोती कायकू गे?” हुसेनचाचांनी तबला सोडला. “कानडी में म्येले बोले तो उप्पर. सुर उप्पर ले बोल्ये उनो.” मग ते अण्णांकडे वळले आणि कानडीत बराच वेळ काही सांगत राहिले. ऐकता ऐकता अण्णांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि उठून गेले. मी गाठोडं बांधायला घेतलं. आपलं काही जमत नाही, असं धरून चालले होते.

हुसेनचाचांनी मला रात्रीपुरतं थांबवलं, आणि सकाळी अण्णा आले ते वखारीच्या मराठी रखवालदाराकडून एक शब्द पाठ करून. पेटी उघडली, भात्यावरचा हात उचलला आणि अडखळत म्हणाले, “वर, आक्का. वर.” वयाने बापासारखा माणूस मला आक्का म्हणत होता. माझा सूर त्या दिवशी लागला, आणि मी मंडळीत राहिले.

पुढे बारा गावचं पाणी प्यायलो. तंबाखूच्या हंगामात निपाणी, मग चिकोडीकडच्या जत्रा, मग लग्नसराई. दोन बैलगाड्या, आणि गाडीत तीन भाषा. अण्णांचा नियम होता, “एक शब्द द्या, एक शब्द घ्या.” मी ‘चिंच’ दिली की ते ‘हुणसी’ देत. मी कानडी बोलायला शिकले ती अशी, बैलांच्या चालीने. त्यांचं मराठी मात्र शेवटपर्यंत लंगडंच राहिलं. “माझं पेटी”, “तुमचं आवाज”. सगळी सृष्टी त्यांनी नपुंसकलिंगी करून टाकली होती. मी हसले की म्हणत, “हसा, हसा. पर सूर बरोबर हाय न्हवं?” आणि गाडीत कुणी भाषेवरून भांडायला लागलं, की पेटी मांडीवर ओढून घेत. “भांडायचं हाय? गाऊन भांडा. कुणाचं काय अडतंय बघू.” गाऊन भांडण करायला अजून तरी कुणाला जमलेलं नाही.

पुढे बोलपट आले, लढाई आली, आणि मंडळी मोडली. अण्णा सदलग्याला घरी गेले. मी हिंडलग्याला मुलींना गाणं शिकवू लागले. एकदा हुसेनचाचा भेटायला आले. मी मुलींकडून अण्णांचं एक आवडतं कानडी पद म्हणून घेत होते. पद संपलं तसे चाचा म्हणाले, “आखरी कडवा?”

“हेच आखरी.”

“नहीं गे. और एक है. उस में वो लफ्ज आता, म्येले. एकदम ऊँचे सुर पे. तू आयी, उस दिन से अण्णा ने वो कडवा छोड दिया. मंडळीकू भी बोल्ये, सगुणा के सामने नक्को.”

मी थक्क झाले. इतकी वर्षं ते पद मी त्यांच्या शेजारी बसून म्हणत होते. तो शब्द मला आता कसा बोचणार? मी दिवसाकाठी पन्नासदा तो कानडीत बोलत होते. हे त्यांना सांगायलाच हवं होतं. चाचांकडून ते कडवं घटवून घेतलं. अण्णा आजारी आहेत, असंही तेच म्हणाले. ते कडवं अण्णांच्या समोर बसून म्हणायचं, वरच्या सुरावर तो शब्द नीट लावायचा आणि त्यांना निर्धास्त करायचं, एवढं मनाशी धरून मी सदलगा गाठला.

दाराशी शेजारचा एक म्हातारा बसला होता. मी कानडीत विचारलं, “अण्णा एल्ली अदार्री?” कुठे आहेत?

त्याने मान वर केली. “अण्णा म्येले.”

मला बरं वाटलं. वर आहेत, म्हणजे माडीवर पेटीच्या खोलीत आहेत, बसते झालेत. मी पायऱ्या चढता चढताच कडव्याची पहिली ओळ गुणगुणले. वर बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. अंथरूण नव्हतं. पेटीचं झाकण लावलेलं होतं.

मागून अण्णांची बायको जिना चढून आली आणि माझा हात धरून म्हणाली, “निन्नि होद्रव्वा.” काल गेले गं.

तेव्हा मला कळलं. माझ्या बोलण्यातली ढब ओळखून म्हातारा मराठीत बोलला होता. मी कानडीत ऐकलं होतं.