चुकलेला ठोका

आमच्या दाजींइतका स्वतःच्या यशावर रुसलेला माणूस अख्ख्या बेळगावात शोधून सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. इथल्याच शहापुरातल्या साड्या विणणाऱ्या घरातले, आणि चार मित्रांच्या रॉक बँडचे ड्रमर. या बँडचा ‘उभं-आडवं’ नावाचा अल्बम निघाला आणि असा काही खपला, की निपाणीच्या स्टँडवरच्या रसवंतीपासून टिळकवाडीतल्या जिमपर्यंत तो ऐकू येऊ लागला. मराठी पोरं तो आपला म्हणत, कानडी पोरंही आपलाच म्हणत. एकटे दाजी तेवढे त्याला आपला म्हणायला तयार नव्हते.

मुळात माणूस चूक सहन न होणारा. घरच्या दुकानात एखादी बाई साडी अंगाला लावून आरशात खुशीने बघत असली, तर हे मागून जाऊन म्हणणार, “मावशी, ही नगा घेऊ, पदराजवळ एक धागा चुकलाय.” वडिलांनी शेवटी त्यांना दुकानातून उठवून मागच्या शेडमध्ये मागावर बसवलं, ते याच कारणाने. रिक्षाचं इंजिन मध्येच अडखळायला लागलं, तर हे अर्ध्या वाटेत उतरून चालत जात. आक्का कोथिंबीर चिरायला बसली, की दारातून सांगणार, “ताल सुटला बघ.” आक्काने एकदा विळीच त्यांच्यापुढे सरकवली. तेव्हापासून घरातली कोथिंबीर दाजी चिरतात. आणि खरं सांगतो, इतकी एकसारखी चिरलेली कोथिंबीर खाताना मला थोडी भीती वाटते.

अशा माणसाच्या नशिबी जे येऊ नये तेच आलं. अल्बमचं रेकॉर्डिंग बंगळूरच्या एका स्टुडिओत होतं. चौघांनी एकत्रच वाजवायचं, तुकडे जोडायचे नाहीत, असा त्यांचा हट्ट. तिसऱ्या गाण्यात, शेवटच्या ध्रुवपदाच्या तोंडावर दाजींचा ठोका उशिरा पडला. सगळं भरात असताना क्षणभर एकदम पोकळी, आणि मग धाडकन ठोका. दाजी जागेवरून उठलेच. “चुकलं. परत घेऊया.” पण बँडचा गायक, कडोलीचा त्यांचा जुना मित्र, एरवी कुणालाही दुखवत नसे, तो त्या दिवशी अडून बसला. “न्हाय. हेच ऱ्हाऊ दे.” बाकीचे दोघे दमले होते, ते त्याच्याकडे झुकले. आणि लोकांना वेड लावलं ते नेमकं त्याच जागेने. त्या पोकळीशी पोरं श्वास रोखून हात वर धरत आणि ठोका पडला की उड्या मारत.

दाजींचं जगणं मात्र कठीण झालं. चहाच्या टपरीवर ते गाणं लागलं, की हे कप ठेवून अनोळखी माणसाला समजावायला जात, “इथं चुकलंय बरं का.” निपाणीत एका लग्नाला आम्ही गेलो होतो. वरातीचा ब्रास बँड तेच गाणं वाजवत होता, आणि त्या जागी ढोलवाला नेमका तेवढाच उशीर करून ठोका देत होता. दाजी थेट नवरदेवाच्या घोड्यापुढे जाऊन उभे राहिले. “थांबा! चुकीचं वाजवालाय तुम्ही.” बँडमास्तरने क्लॅरिनेट तोंडातून काढलं. “अण्णा, असंच हाय ओरिजिनलात. पायजे तर मोबाइलवर लावून दावतो.” दाजी हताश होऊन म्हणाले, “ओरिजिनल मीच हाय की वो!” त्यावर मास्तरने त्यांच्याकडे ज्या करुणेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. आक्का जेवणापर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

मग अल्बमनंतरचा बँडचा पहिलाच मोठा कार्यक्रम बेळगावातच ठरला. घरची माणसं समोर असणार, तेव्हा या खेपेस ठोका जागच्या जागी पडणार, असं दाजींनी मनाशी पक्कं केलं. सांगितलं कुणालाच नाही. मैदान गच्च भरलं होतं. तिसरं गाणं आलं, ती जागा आली, पोरांनी हात वर केले आणि दाजींनी ठोका अचूक, वेळेवर टाकला. गायकाने तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. तो वाकला, छातीवर हात धरून खोकत राहिला. गिटार थांबल्या. वर गेलेले हात तसेच राहिले.

मी धावत स्टेजमागे गेलो तेव्हा गायक खुर्चीवर बसून दम्याचा पंप ओढत होता आणि दाजी पांढरेफटक पडून त्याच्यासमोर उकिडवे बसले होते. बोलता आल्यावर तो म्हणाला, “लेका, तिथं मला दम पुरत न्हाय. स्टुडिओतबी पुरला नव्हता. तू थांबलास म्हणून गाता आलं.”

“मी थांबलो न्हाय. माझं चुकलं हुतं.”

“तुला आजवर चुकताना बघितलंय व्हय कुणी? माझ्याकडं बघून थांबलास तू. तुझं तुलाच कळलं न्हाय.”

“मग सांगितलं का न्हाईस गड्या?”

“सांगितलं असतं तर तू मला गाऊच दिलं नसतंस.”

दाजींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याचा श्वास सुरळीत झाल्यावर दोघे पुन्हा स्टेजवर गेले. त्या जागी दाजींनी काठी उचलून धरली, मान वळवून मित्राकडे पाहिलं, आणि त्याची छाती भरून वर आल्यावरच ठोका टाकला. अल्बममधल्यापेक्षाही उशिरा. मैदान नुसतं उसळलं.

पुढे त्या मित्राला बेळगावची ओली हवा मानवेना. तो कोरड्या हवेसाठी विजापूरला गेला, तिथेच एका शाळेत लागला. बँड मोडला असं कुणी म्हणत नाही. आता वाजवत नाहीत, एवढंच.

गेल्या महिन्यात दुपारी शहापुरात गेलो होतो. दाजी शेडमध्ये सुटलेला धागा जोडत होते. गल्लीतून कुणाच्या तरी मोबाइलवर तिसरं गाणं ऐकू आलं. आता हे उठून बाहेर जाणार, म्हणून आक्काने आतूनच हाक दिली, “अवो, बसा गप!”

दाजी बसलेच होते. ती पोकळी आली तेव्हा त्यांची बोटं धाग्यावर थांबली.

“घाई न्हाय,” ते हळूच म्हणाले. “घेऊ दे त्याला श्वास.”