टपालरावांचं टुंग

बटणांच्या त्या कारखान्यात तीनशे माणसं कामाला होती आणि त्यांतल्या एकाचं काम कोणालाच दिसत नसे. मेल आला की लोक पाठवणाऱ्याला शिव्या देत. आला नाही की टपालरावांना. मेलचा सर्व्हर सांभाळणाऱ्या या गृहस्थांना खरं नाव होतं, पण ते हजेरीपटापलीकडे कोणी वापरलेलं नव्हतं.

टपालरावांची खोली म्हणजे जिन्याखालची जागा, एक पंखा आणि एक इशारा. दर पंधरा मिनिटांनी पडद्यावर पिवळा त्रिकोण उमटे, ‘टुंग’ असा आवाज होई आणि नोंदवहीत ओळ पडे: ‘सूचना पोहोचवता आली नाही. पुन्हा प्रयत्न केला जाईल.’ पुढे बत्तीस आकडे-अक्षरांची एक लांबलचक खूण. सगळ्यांचे मेल तर व्यवस्थित पोहोचत होते. टपालरावांनी पहिल्या वर्षी वायरी बदलल्या, सर्व्हर बंद करून चालू केला, पंखाही बदलून पाहिला. टुंग काही ढिम्म हललं नाही. मग त्यांनी त्याला घरचं मानलं.

घरच्या माणसाला काम लागतंच. जिन्यातून टुंग वर ऐकू येई, त्यामुळे भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा कोणी नवं मागवलं नाही. चहावाली मावशी अकराच्या टुंगाला आधण ठेवी आणि सव्वाअकराच्या टुंगाला ट्रे घेऊन निघे. अशी सात वर्षं गेली.

मंगळवारी मुख्य कार्यालयातून तपासनीस बाई आल्या. टुंग झालं. बाईंनी मान वर केली.

“हे काय होतं?”

“सव्वाअकरा,” टपालराव म्हणाले.

बाईंनी नोंदवही उघडली आणि मोजायला लावली. दोन लाख पंचेचाळीस हजार इशारे निघाले.

“आणि तुम्ही काय केलंत?”

“चहा घेतला,” दारातून मावशी म्हणाली. तिला वाटलं, आपल्यालाच विचारलं.

बाई हसल्या नाहीत. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत टुंग थांबलं नाही, तर मेलचं काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल आणि टपालरावांची सोय गोदामात होईल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

टपालराव गोदामाला घाबरत नव्हते. ते गोदामप्रमुखाला घाबरत होते. गोदामप्रमुख त्यांचा मेव्हणा होता. आपल्या धाकट्या बहिणीचं टपालरावांशी लग्न ठरताना या मेव्हण्याला कोणी विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तो टपालरावांची वाट पाहत होता. मंगळवारी संध्याकाळीच निरोप आला: “पाहुणे, तुमच्यासाठी खुर्ची काढून ठेवलीय. पाठीला उशीपण आहे.”

बुधवारी टपालरावांनी ती बत्तीस अक्षरी खूण कागदावर उतरवली आणि सर्व्हरच्या जुन्या याद्यांशी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवत बसले. सहा वर्षांपूर्वी नवा सर्व्हर आला, तेव्हा त्यांनी जुनं सगळं न वाचता उचलून इकडे आणलं होतं. घर बदलताना माळ्यावरची खोकी आणतात तसं. चौथ्या यादीत खूण सापडली. कोणीतरी नऊ वर्षांपूर्वी सर्व्हरला सांगून ठेवलं होतं की अमुक मेल आला की ‘नमुना-३’ या कॉम्प्युटरला कळव. कॉम्प्युटर कधीच निघून गेला होता; सर्व्हर बिचारा अजून दार वाजवत होता. शेजारी तारीख होती आणि सांगणाऱ्याचं नाव टपालरावांचंच होतं.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला ती तारीख सांगितली. बायको आधी याच कारखान्यात नमुना विभागात होती. बटणांना कंटाळून तिने स्वतःचं दुकान काढलं होतं. तिथे कपड्यांना फक्त चेन बसवून मिळे. तारीख ऐकून तिला ठसकाच लागला.

“अहो, त्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलाखाली दीड तास वायर शोधत होतात.”

“सापडली का?”

“ती जागेवरच होती. वर येऊन म्हणालात, आता माझा मेल आला की घंटी वाजेल. दुसऱ्याच्या मेलला नाही, फक्त माझ्या.”

दुसरीतल्या मुलीने विचारलं, “मग वाजली?”

“तू कुठून आलीस मग?” आई म्हणाली आणि तिच्या पानात आणखी वाढलं.

घंटी बंद करायची तर ती त्याच कॉम्प्युटरवरून करावी लागत होती, आणि तो होता गोदामात, मोडीत. गुरुवारी टपालराव अर्ज घेऊन गेले.

“शोधायला पंधरा दिवस लागतील,” मेव्हण्याने उशी थोपटत सांगितलं.

शुक्रवारी सकाळी बायको दुकान बंद ठेवून स्वतः गोदामात आली.

“दादा, काढ तो कॉम्प्युटर.”

“अगं, नियम असतात...”

“खुर्चीखाली आहे तो. इथून दिसतोय.”

साडेअकराला ‘नमुना-३’ची धूळ झटकून तो जिन्याखाली जोडला गेला. तपासनीस बाई वही घेऊन उभ्या होत्या.

“ही घंटी कशासाठी होती? कारण लिहायचंय.”

“चाचणी,” टपालराव म्हणाले.

“किती दिवसांची?”

“नऊ वर्षं झाली.”

“निकाल?”

“दुसरीत आहे. गणितात बरी आहे.”

बाईंनी तेवढंच लिहिलं. पावणेबारा झाले. टुंग झालं नाही. त्याऐवजी जुन्या कॉम्प्युटरमधून सायकलच्या घंटीसारखं खणखणीत ‘ट्रिंग’ वाजलं आणि पडद्यावर सात वर्षं अडकून पडलेली सूचना उमटली. बायकोच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, तिचा कॉम्प्युटर उचलून नेल्यानंतर टपालरावांनी पाठवलेला मेल होता: ‘आज लवकर निघू या का?’

“मी त्या दिवशी वाट बघून एकटी घरी गेले होते,” बायको म्हणाली. तिने स्वतःच्या हाताने घंटी बंद केली. “राहू दे. मी घरी काय कमी वाजते?”

बारा वाजले. कोणालाच कळले नाहीत. सव्वाबाराही तसेच गेले. वर तीनशे माणसं शहाण्यासारखी काम करत राहिली, आणि साडेबाराला मावशी धावत आली, “अहो, वेळ थांबली का? जेवायची सुट्टी कोण देणार?”

तिच्यामागून मेव्हणा आला. त्याच्या हातात गोदामातलं नवं कोरं भिंतीवरचं घड्याळ होतं आणि काखेत उशी.

“घड्याळ जिन्यात लावा. सही इथे करा,” तो म्हणाला. मग उशी टपालरावांच्या खुर्चीवर ठेवत पुटपुटला, “ही नोंदीत नाही.”

तपासनीस बाईंनी इशारा थांबल्याचा शेरा मारला. वही मिटणार, तोच टपालरावांनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज त्यांच्यापुढे सरकवला.

“कारण?”

टपालरावांनी बायकोकडे पाहिलं. ती केव्हाच चपला घालून दारात उभी होती.

“जुन्या मेलचं उत्तर आलंय,” ते म्हणाले.